इंग्लंडमधील बरो कौन्सिलची निवडणूक : नाव नोंदवण्यापासून मतमोजणीपर्यंत

इंग्लंडमध्ये येऊन चार-पाच वर्षे झालेली, भाड्याच्या घरात राहणारी आणि दरमहा न चुकता कौन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) भरणारी कितीतरी मराठी कुटुंबे एप्रिल महिन्यात दारातून आत पडणारी प्रचारपत्रके न वाचताच रद्दीत टाकतात, कारण मतदान हे ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचे काम आहे अशी त्यांची पक्की समजूत असते. ही समजूत चुकीची आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे, ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असलेल्या आणि १८ वर्षे पूर्ण झालेल्या भारतीय नागरिकाला येथील स्थानिक निवडणुकीत मत देता येते. मग त्याचा व्हिसा नोकरीचा असो, शिक्षणाचा असो किंवा जोडीदाराच्या व्हिसावर अवलंबून असलेला असो. अमुक इतकी वर्षे येथे काढली पाहिजेत अशीही अट नाही. पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेच्या नागरिकांनाही हाच हक्क आहे. नेपाळ राष्ट्रकुलात नसल्यामुळे तेथील नागरिकांना मात्र तो नाही, हे शेजारच्या घरी सांगताना लक्षात असू द्यावे.

दोन शंका हमखास विचारल्या जातात. व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा लाभ नाही’ असा शेरा असेल तर मतदार यादीत नाव घातल्याने अडचण येईल का, ही पहिली. येत नाही, मतदान हा सरकारी आर्थिक लाभ नव्हे. येथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागेल का, ही दुसरी. लागत नाही, नागरिकत्व जाते ते दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर. मात्र मतदार म्हणून नोंद होण्यासाठी त्या पत्त्यावर रहिवासी असणे आवश्यक असते. त्यामुळे काही महिन्यांसाठी भेटीच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांची नावे उत्साहाच्या भरात यादीत घालू नयेत, कारण नोंदणीत जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे.

आपली कौन्सिल कोणती आणि तिच्या हातात काय असते

‘बरो’ (स्थानिक कारभाराचा एक विभाग) हा शब्द इंग्लंडमध्ये एकाच अर्थाने वापरला जात नाही, आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ येथेच होतो. लंडनमध्ये ३२ बरो आहेत. शाळा, सामाजिक देखभाल, ग्रंथालये, कचरा, बांधकाम परवानग्या, गल्लीबोळांतले रस्ते, गाड्या लावण्याचे परवाने आणि कौन्सिलची घरे ही सगळी कामे तेथे एकच बरो कौन्सिल पाहते. मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमच्या आसपासच्या मेट्रोपॉलिटन बरोंची रचनाही साधारण अशीच आहे. उरलेल्या इंग्लंडमध्ये मात्र अनेक ठिकाणी दोन थर असतात : काउंटी कौन्सिलकडे शाळा, मोठे रस्ते आणि वृद्धांची देखभाल, तर बरो किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे कचरा, घरे आणि बांधकाम परवानग्या. महाराष्ट्रातल्या माणसाला जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांची आठवण होईल, पण ही तुलना फार ताणू नये. येथे एकाच घराला दोन्ही थर लागू असतात, कौन्सिल टॅक्सही दोघांत वाटला जातो, आणि दोन्ही थरांसाठी वेगवेगळे मत द्यावे लागते. या दुहेरी रचनेच्या जागी एकच थर आणण्याचे काम सध्या बऱ्याच भागांत चालू आहे आणि त्यापायी काही ठिकाणच्या निवडणुका पुढेही ढकलल्या गेल्या आहेत, म्हणून आपल्या पत्त्यावर या वर्षी नेमकी कोणती निवडणूक आहे हे कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

निवडणुकीचे चक्रही ठिकाणागणिक बदलते. लंडनच्या सगळ्या बरोंची संपूर्ण कौन्सिल दर चार वर्षांनी एकदम निवडली जाते. २०१८, २०२२ आणि २०२६ ही त्यातली अलीकडची वर्षे. स्लाऊसारख्या लंडनबाहेरच्या बरोची संपूर्ण कौन्सिल २०२३ मध्ये निवडली गेली. ओल्डहॅम किंवा स्टॉकपोर्टसारख्या मेट्रोपॉलिटन बरोंमध्ये प्रत्येक प्रभागाचे तीन कौन्सिलर असतात आणि चारपैकी तीन वर्षी त्यांतल्या एकेकाची मुदत संपते, म्हणून तेथे त्या तीन वर्षी मतदान होते आणि चौथे वर्ष सुने जाते. मतदानाचा दिवस बहुधा मे महिन्यातला पहिला गुरुवार असतो. त्या दिवशी सुट्टी नसते, हे भारतातून आलेल्यांना पहिल्या खेपेला पटत नाही.

प्रभागातून निवडून येतात ते कौन्सिलर, आणि ज्या पक्षाचे कौन्सिलर अधिक त्याचा नेता कौन्सिलचा कारभार पाहतो. गळ्यात सोनेरी साखळी घालून शाळेच्या कार्यक्रमांना येणारा महापौर बहुतेक बरोंमध्ये केवळ मानाचा असतो. न्यूहॅम, हॅकनी, ल्युइशॅम, टॉवर हॅम्लेट्स आणि क्रॉयडन या पाच लंडन बरोंमध्ये मात्र महापौर थेट मतदारांकडून निवडला गेला आहे आणि खरी सत्ता त्याच्या हाती राहिली आहे. अशा ठिकाणी मतदान केंद्रावर आपल्याला त्याच्यासाठी स्वतंत्र मतपत्रिका मिळते.

मतदार यादीत नाव : सगळी मेहनत येथे करावी

कौन्सिल टॅक्ससाठी नाव दिले की मतदार यादीत नाव आपोआप लागते, असा समज फार पसरलेला आहे. दोन्ही विभाग एकाच इमारतीत बसत असले तरी नोंदणी वेगळी आहे आणि ती प्रत्येकाला स्वतःची स्वतः करावी लागते; घरातल्या एकाने सर्वांच्या वतीने सही केली असे चालत नाही. सरकारच्या ‘गव्ह डॉट यूके’ या संकेतस्थळावर अर्ज भरायला पाच-सात मिनिटे लागतात. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स क्रमांक एवढी माहिती द्यावी लागते. तो क्रमांक नसेल तर दुसरे पुरावे मागवले जातात. १६ वर्षे पूर्ण झालेल्या मुलांनाही आगाऊ नाव नोंदवता येते, मत मात्र १८ पूर्ण झाल्यावरच.

घर बदलले की नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि ही बाब भाडेकरूंनी विशेष लक्षात ठेवावी. दर उन्हाळ्यानंतर कौन्सिल प्रत्येक घराला पत्र किंवा ईमेल पाठवून तेथे कोण कोण राहते याची विचारणा करते. त्या पत्रावर आधीच्या भाडेकरूचे नाव दिसले म्हणून ते फेकून देऊ नये, उलट दुरुस्ती करून परत पाठवावे. आपले नाव यादीत आहे की नाही हे घरबसल्या पाहण्याची देशव्यापी सोय येथे नाही; कौन्सिलच्या निवडणूक विभागाला फोन करणे किंवा ईमेल पाठवणे हाच मार्ग. अर्जात ‘खुल्या यादी’तून नाव वगळण्याचा एक पर्याय असतो. ती यादी कोणालाही विकत घेता येते, म्हणून तो पर्याय निवडावा असे माझे मत आहे. त्याने मतदानाच्या हक्कावर काही परिणाम होत नाही. मुख्य यादीतले नाव मात्र कर्ज किंवा मोबाइलचा करार घेताना पत्त्याच्या पडताळणीला उपयोगी पडते, आणि अनेक जण खरे तर त्याच कारणाने पहिल्यांदा नाव नोंदवतात.

विद्यार्थ्यांना वसतिगृहाचा पत्ता आणि घरचा पत्ता अशा दोन्ही ठिकाणी नाव नोंदवता येते, आणि ते दोन पत्ते वेगवेगळ्या कौन्सिलच्या हद्दीत असतील तर स्थानिक निवडणुकीत दोन्हीकडे मत देणे कायदेशीर आहे. एकाच कौन्सिलच्या निवडणुकीत दोनदा मत देणे मात्र गुन्हा ठरतो.

आता मराठी नावांविषयी थोडे सविस्तर, कारण पुढे मतदान केंद्रावर होणाऱ्या अडचणींचे मूळ बहुधा येथेच असते. आपल्या पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव एकत्र छापलेले असते. नोंदणीचा अर्ज भरताना कोणी मधले नाव गाळतो, कोणी ते आडनावाला जोडतो. लग्न झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत पासपोर्टवर माहेरचे आडनाव, पगारपत्रकावर सासरचे आणि मतदार यादीत दोन्ही, असाही प्रकार आढळतो. आमच्या परिचयातील एका काकूंच्या पासपोर्टवर माहेरचे नाव होते आणि यादीत त्यांनी हौसेने सासरचे नाव लिहिले होते. लग्नात बदललेले पहिले नाव धरून. केंद्रावरच्या बाईंनी तीन वेळा यादी आणि पासपोर्ट आळीपाळीने पाहिले आणि दुसरा काही पुरावा आहे का असे अगदी अदबीने विचारले. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र घरी होते, पण ते मराठीत. शेवटी दोन्ही नावे असलेले बँकेचे पत्र घेऊन त्या पुन्हा गेल्या आणि मत देऊन आल्या. किरकोळ फरक कर्मचारी चालवून घेतात. नाव सर्वस्वी वेगळे असेल तर नावबदलाचा पुरावा सोबत न्यावा लागतो. सरळ उपाय असा की, जे ओळखपत्र मतदानाला नेणार ते समोर ठेवावे आणि त्यावर जसे नाव आहे तसेच, अक्षर न अक्षर, अर्जात लिहावे.

मुदतींचा हिशेब

मुदती कामाच्या दिवसांत मोजल्या जातात. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे त्यात धरत नाहीत. नाव नोंदवण्याची मुदत मतदानाच्या १२ कामाचे दिवस आधी मध्यरात्री संपते. टपाली मतदानाचा अर्ज ११ कामाचे दिवस आधी सायंकाळी ५ पर्यंत, आणि प्रॉक्सीचा (आपले मत दुसऱ्याकरवी देण्याचा) तसेच मोफत मतदार ओळखपत्राचा अर्ज ६ कामाचे दिवस आधी सायंकाळी ५ पर्यंत पोहोचावा लागतो. ७ मे २०२६ या तारखेवर हिशेब लावून पाहू. बुधवार ६ मे आणि मंगळवार ५ मे हे दोन दिवस; सोमवार ४ मे बँक हॉलिडे म्हणून वगळला; मग शुक्रवार १ मे हा तिसरा. असे मागे मागे जात सहावा दिवस २८ एप्रिलला येतो, अकरावा २१ एप्रिलला आणि बारावा २० एप्रिलला. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारची सुट्टी मतदानाच्या आधी आली की या मोजणीत कोणाला ना कोणाला चकवते.

टपालाने किंवा प्रॉक्सीने मत

टपाली मतदानासाठी कारण सांगावे लागत नाही. अर्ज ऑनलाइन करता येतो आणि त्यात कागदावर केलेल्या सहीचे छायाचित्र जोडावे लागते. मतदानाच्या काही दिवस आधी घरी जे पाकीट येते त्यात मतपत्रिका, एक निवेदनपत्र आणि दोन पाकिटे असतात : मतपत्रिका ‘ए’ खुणेच्या पाकिटात घालून ते बंद करायचे, आणि मग ते पाकीट व सही केलेले निवेदनपत्र मोठ्या ‘बी’ पाकिटात घालायचे. निवेदनपत्रावर जन्मतारीख लिहायची असते. घाईत माणसे तेथे त्या दिवसाची तारीख लिहून मोकळी होतात आणि त्यांचे मत मोजणीला जातच नाही. सहीचेही तसेच. अर्जात देवनागरीत सही केली असेल तर निवेदनपत्रावरही देवनागरीतच करावी, कारण दोन्ही सह्या आणि जन्मतारखा ताडून पाहिल्या जातात.

पाकीट टपालपेटीत टाकण्यास तिकीट लागत नाही. उशीर झाला असेल तर मतदानाच्या दिवशी रात्री १० पर्यंत आपल्या बरोतील मतदान केंद्रावर ते हातोहात देता येते. २०२४ पासून तेथे एक छोटा अर्ज भरावा लागतो, आणि स्वतःच्या पाकिटाखेरीज इतर जास्तीत जास्त पाच जणांचीच पाकिटे एका व्यक्तीला देता येतात. कौन्सिलच्या कार्यालयाच्या दारातल्या पत्रपेटीत टाकलेले पाकीट बाद होते. टपाली मत घेतल्यावर केंद्रावर जाऊन वेगळी मतपत्रिका मागता येत नाही, हेही ध्यानात असावे.

येथे एक गोष्ट स्पष्टच लिहितो. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांची पाकिटे गोळा करायची आणि घरातल्या कर्त्या माणसाने ती एका बैठकीत भरून टाकायची, ही पद्धत काही घरांत मी पाहिली आहे आणि ती करणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही. दुसऱ्याची मतपत्रिका भरणे, किंवा कोणाला मत दिले ते दाखवण्यास भाग पाडणे, हा कायद्याने गुन्हा आहे. तो घरात घडला म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. मतपत्रिका प्रत्येकाने एकट्याने भरावी.

मतदानाच्या दिवशी गावाला असाल तर प्रॉक्सी नेमता येतो, म्हणजे तुमच्या वतीने दुसरी व्यक्ती केंद्रावर जाऊन मत देते. त्या व्यक्तीने स्वतःचे ओळखपत्र न्यायचे असते, तुमचे नव्हे. ऐन वेळी आजारपण किंवा कामाची तातडी उद्भवली तर मतदानाच्या दिवशी सायंकाळी ५ पर्यंत तातडीचा प्रॉक्सीही मागता येतो.

ओळखपत्र

इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकांत मे २०२३ पासून केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. राष्ट्रकुलातील देशाचा पासपोर्ट ग्राह्य असल्यामुळे भारतीय पासपोर्ट चालतो, आणि बहुतेकांचा प्रश्न तेथेच मिटतो. ब्रिटनचा वाहन परवाना चालतो, अगदी शिकाऊ सुद्धा. भारतातला परवाना चालत नाही. आधार कार्ड, ओसीआय कार्ड, ऑफिसचे किंवा विद्यापीठाचे ओळखपत्र यांपैकी काहीही चालत नाही. ज्येष्ठांचा मोफत बसचा पास चालतो, तरुणांचा प्रवासपास मात्र चालत नाही, आणि या भेदावर येथे टीकाही पुष्कळ झाली आहे. मुदत संपलेले ओळखपत्रही, त्यावरील छायाचित्र आपल्यासारखे दिसत असेल तर, स्वीकारले जाते. मोबाइलमधील छायाचित्र किंवा झेरॉक्स नेऊ नये. मूळ कागदच लागतो. व्हिसा वाढवण्यासाठी किंवा नूतनीकरणासाठी पासपोर्ट दुसरीकडे गेलेला असण्याची शक्यता असेल तर मोफत मिळणाऱ्या मतदार ओळखपत्रासाठी वेळेत अर्ज करावा. ओळखपत्र नसल्याने परत पाठवले गेले तर रात्री १० च्या आत ते घेऊन पुन्हा जाता येते.

कोणाला मत द्यावे हे ठरवताना

उमेदवारांची यादी कौन्सिल जाहीर करते, आणि ‘हू कॅन आय व्होट फॉर’ या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकूनही ती पाहता येते. प्रचारपत्रकांवर देशाच्या राजकारणाचीच भाषा अधिक असते. पण दवाखान्यातली वेळ मिळत नाही, व्हिसाचे शुल्क वाढले किंवा लंडनची ट्यूब (भुयारी रेल्वे) बंद पडली, यांपैकी काहीही बरो कौन्सिलरच्या हातात नसते. दारात येणाऱ्या उमेदवाराला विचारायचे ते त्या गल्लीतल्या गाड्यांच्या परवान्याचे, बंद होऊ घातलेल्या ग्रंथालयाचे, कोपऱ्यावरच्या नियोजित इमारतीचे. पत्रकांवरचे स्तंभालेख विशेष संशयाने पाहावेत : ‘येथे केवळ आमची आणि त्यांचीच लढत आहे’ असे सांगणाऱ्या आलेखातले आकडे पुष्कळदा दुसऱ्याच निवडणुकीचे असतात, आणि स्तंभांची उंची आकड्यांशी जुळतेच असे नाही. विद्यमान कौन्सिलर पुन्हा उभा असेल तर त्याची सभांना असलेली हजेरी कौन्सिलच्या संकेतस्थळावर दिसते. ती पाहायला दोन मिनिटे लागतात आणि ती प्रचारपत्रकापेक्षा अधिक बोलकी असते.

मतदानाचा दिवस

केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडे असते, आणि १० च्या ठोक्याला रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते. शाळा, चर्चचे सभागृह, ग्रंथालय, क्वचित पब अशी ती ठिकाणे असतात. घरी आलेले पोल कार्ड (मतदानाची सूचना देणारे पत्र) सोबत असेल तर यादीत नाव लवकर सापडते, पण ते नसले तरी चालते. दाराबाहेर रंगीत फीत लावून बसलेली माणसे तुमचा मतदार क्रमांक विचारतील; ती पक्षांची स्वयंसेवक असतात आणि आपल्या समर्थकांपैकी कोण अजून आले नाही याची टिपणे ठेवत असतात. त्यांना क्रमांक द्यायचा की नाही ही तुमची मर्जी.

आत टेबलापाशी नाव आणि पत्ता सांगितल्यावर ओळखपत्र पाहिले जाते, यादीत खूण होते आणि मतपत्रिका हातात येते. बोटाला शाई नाही, यंत्र नाही, पीप असा आवाज नाही. एका लाकडी कप्प्यात दोरीने बांधलेली पेन्सिल असते. स्वतःचे पेन वापरायला हरकत नाही.

मतपत्रिकेवर सगळ्यात वर लिहिलेले वाक्य नीट वाचावे, कारण किती उमेदवारांना मत देता येईल हे तेथे सांगितलेले असते. लंडनच्या बहुतेक प्रभागांत दोन किंवा तीन कौन्सिलर निवडायचे असतात. पुण्या-ठाण्याच्या महापालिकेत मत दिलेल्यांना अ, ब, क, ड अशा स्वतंत्र जागा आणि प्रत्येक जागेसाठी एक मत अशी सवय असते. येथे तसे गट नसतात. सगळे उमेदवार आडनावाच्या वर्णक्रमाने एकाच लांब यादीत असतात आणि त्यांतल्या कोणत्याही तिघांपर्यंत फुल्या मारायच्या असतात, मग ते एकाच पक्षाचे असोत की तीन पक्षांचे. त्यामुळे एका पक्षाचे तीन उमेदवार यादीत दूरदूर विखुरलेले असतात. एक वर, एक मध्ये, एक अगदी तळाशी. मी पहिल्या वेळी एका नावापुढे फुली मारली, मतपत्रिका घडी घालून पेटीत टाकली आणि घरी आल्यावर पत्नीने तीन फुल्या मारल्याचे ऐकून उरलेल्या दोन मतांची हळहळ करत बसलो. एकच फुली मारली तरी मत वैध असते आणि काही जण आपल्या आवडत्या उमेदवाराला बळ देण्यासाठी मुद्दाम तसे करतात; मी मात्र अज्ञानाने केले होते. ठरलेल्या संख्येपेक्षा एकही फुली अधिक मारली तर तुमची त्या प्रभागासाठीची सगळीच मते बाद होतात.

आकडे घालून पसंतीक्रम देऊ नये. नाव, सही किंवा ओळख पटेल असे काहीही लिहू नये. ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा रकाना येथे नसतो. कोरी मतपत्रिका टाकली तर ती बाद मतांत मोजली जाते, आणि बाद मतांचा आकडाही जाहीर होतो. हातून चूक झाली तर मतपत्रिका पेटीत टाकण्याआधी केंद्राध्यक्षांकडे परत द्यावी, नवी मिळते. दृष्टिदोष, अपंगत्व किंवा वाचता न येणे या कारणाने मदत लागत असेल तर ती केंद्राध्यक्षांकडे मागता येते किंवा प्रौढ सोबती आत नेता येतो. मुलांना बरोबर न्यायला हरकत नाही, मात्र फुली त्यांच्या हातून मारून घेऊ नये. आत छायाचित्रे काढणे टाळावे. पुराव्यादाखल शाईचे बोट नसल्याची खंत असणारे बाहेरच्या पाटीसमोर उभे राहतात.

स्वतः उभे राहायचे असेल तर

मत देण्यासाठी येथे राहण्याचा कोणताही वैध व्हिसा पुरतो, पण उमेदवारीसाठी भारतीय नागरिकाकडे देशात राहण्याची कायमस्वरूपी परवानगी असावी लागते. वय १८ पूर्ण हवे, आणि त्या बरोशी चारपैकी एक नाते हवे : तेथील मतदार यादीत नाव, किंवा मागचे संपूर्ण १२ महिने तेथे वास्तव्य, मुख्य कामाचे ठिकाण, अथवा मालकीची किंवा भाड्याची जागा. त्याच कौन्सिलमध्ये नोकरी करणाऱ्याला उभे राहता येत नाही. अर्जावर प्रभागातील दोन नोंदणीकृत मतदारांच्या, म्हणजे एका सूचकाच्या आणि एका अनुमोदकाच्या, सह्या लागतात. कौन्सिलर पदासाठी अनामत रक्कम नाही. थेट निवडल्या जाणाऱ्या महापौरपदासाठी ५०० पौंड भरावे लागतात. अर्ज मतदानाच्या १९ कामाचे दिवस आधी दुपारी ४ च्या आत पोहोचले पाहिजेत. वरच्याच उदाहरणात ती तारीख ९ एप्रिल येते. पण निवडणूक कार्यालये अर्ज आधीच अनौपचारिकपणे तपासून देतात, म्हणून शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. सूचकाचा मतदार क्रमांक चुकीचा लिहिला गेल्याचे शेवटच्या तासात कळले तर सुधारायला वेळ उरत नाही.

घरचा पत्ता मतपत्रिकेवर छापू नये अशी विनंती अर्जासोबत करता येते, आणि ती जरूर करावी. प्रत्येक पत्रकावर छापणाऱ्याचे व प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव-पत्ता असावा लागतो. प्रचारखर्चाला कायद्याने मर्यादा आहे, आणि हरलात तरी, एक पेनीही खर्च केली नसली तरी, निकालानंतर ३५ दिवसांत हिशेब सादर करावाच लागतो.

मोजणी

मोजणी काही बरोंमध्ये रात्रीच सुरू होते, काही ठिकाणी शुक्रवारी सकाळी. आधी पेट्यांतील मतपत्रिकांची संख्या केंद्रांच्या नोंदींशी जुळवली जाते आणि मग मते मोजली जातात. तिन्ही फुल्या एकाच पक्षाला असलेल्या मतपत्रिकांचे गठ्ठे पटकन होतात. मिश्र फुल्यांच्या मतपत्रिका मात्र एकाखाली एक लावून, आडव्या ओळी वाचत मोजाव्या लागतात, आणि लंडनचे निकाल लांबतात ते बहुधा याच कामामुळे. हेतू स्पष्ट असेल तर फुलीऐवजी बरोबरची खूण केलेले मतही धरले जाते. शंकास्पद मतपत्रिका उमेदवारांना दाखवून निवडणूक निर्णय अधिकारी निकाल देतो.

मते समसमान पडली तर चिठ्ठी टाकली जाते. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल चिठ्ठीने लागला होता. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्थम्बरलँड कौन्सिलच्या साउथ ब्लाइथ प्रभागात फेरमोजणीनंतरही दोन उमेदवार बरोबरीत राहिले आणि काडी काढून निकाल लावावा लागला. त्या एका काडीने एका पक्षाचे संपूर्ण कौन्सिलमधले बहुमत हुकले.

निवडून आलेले कौन्सिलर मतदानानंतर चौथ्या दिवशी पदभार घेतात आणि साधारणतः ठरावीक वारी लोकांना भेटण्याची वेळ ठेवतात. तिला येथे ‘सर्जरी’ म्हणतात, दवाखान्याशी तिचा संबंध नाही. कौन्सिलर मध्येच वारला, त्याने राजीनामा दिला किंवा तो सहा महिने परवानगीशिवाय सभांना गैरहजर राहिला तर जागा रिकामी होते आणि बऱ्याचदा पोटनिवडणूक लागते. तिची बातमी दूरदर्शनवर येत नाही. दारात पडलेले पोल कार्ड हीच तिची पहिली वर्दी असते, आणि वर लिहिलेल्या सगळ्या मुदती तिलाही तशाच लागू होतात.